अहिल्या मगदूमचा शिक्का

अहिल्या मगदूम लग्नानंतरही मगदूमच राहिली, त्यामागे काही मोठं तत्त्व नव्हतं. यशोधन करमरकरशी लग्न नोंदवायला ती म्युनिकजवळच्या एका लहान गावच्या स्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे विवाहनोंदणीच्या कचेरीत गेली, तेव्हा करमरकर व्हायची तिची पूर्ण तयारी होती. नव्या सहीचा सरावसुद्धा झाला होता. पण टेबलामागच्या बाई चष्मा सावरत गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा वेळ वाचावा म्हणून नवं आडनाव मी आधीच घालून ठेवलंय." झालं. अहिल्येने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग आता काढा." यशोधन बिचारा खिशात अंगठ्या घेऊन शेजारी उभा होता. आपण कुणाशी लग्न करतोय हे त्याला बरंचसं कळलं होतं, उरलेलं त्या दिवशी कळलं.

कुणी तिच्या आडवं आलं, भांडलं, तोंडावर नाही म्हणालं, तर अहिल्येला काही वाटायचं नाही, उलट हुरूपच यायचा. पण तिला न विचारता, पाठीमागून, तिच्या भल्यासाठी म्हणून कुणी काही केलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोक तिला हेकट म्हणत. होतीच ती हेकट. पण तो हेकटपणा तिने काही आईच्या पोटातून आणला नव्हता, तो इचलकरंजीच्या गल्लीत, लगोरीच्या डावात मिळाला होता.

त्या गल्लीत ती सगळ्यांत लहान. थोरला भाऊ भास्कर गल्लीचा नेता, त्यामुळे हिला खेळायला घ्यावंच लागे. आणि नवल म्हणजे अहिल्या कधी आऊट व्हायची नाही. चेंडू पाठीत बसला तरी "लागला नाही, लागला नाही" असं सगळी पोरं ओरडायची. ती रोज घरी येऊन आईला ऐटीत सांगायची, मला कुणी आऊटच करू शकत नाही. आई पोळी लाटता लाटता हसायची. मग गल्लीत एक नवा मुलगा राहायला आला. त्याने पहिल्याच दिवशी अहिल्येला चेंडू मारला आणि "आऊट!" म्हणून नाचायला लागला. भास्कर त्याच्यावर खेकसला, "अरे, तिला नाही धरायचं. ती लिंबूटिंबू आहे."

लिंबूटिंबू. खेळात आहे आणि नाहीही. पळते, ओरडते, जिंकल्यासारखं करते, पण तिचा काही हिशेब नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं, फक्त अहिल्येला ठाऊक नव्हतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी लगोरी रचून झाल्यावर ती सरळ जाऊन त्या दगडांवर बसली. "मला आऊट करा, नाहीतर कुणीच खेळायचं नाही." भास्करने ओढली, चिमटे काढले, चिंचेच्या गोळ्यांचं आमिष दाखवलं. उठली नाही. शेवटी कंटाळून त्यांनी तिला खेळात खरी खरी घेतली आणि त्या संध्याकाळी ती पहिल्याच चेंडूला आऊट झाली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात तितकी सुखाने ती पुन्हा कधी घरी गेली नाही.

पुढे ती मेकॅनिकल इंजिनियर झाली आणि जर्मनीत शिकायला येऊन नेकारसुल्मला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. टायर रस्त्याला किती धरतो, वळणावर गाडी कुठे सुटते, हे मोजायचं काम. तिचा वरिष्ठ देवमाणूस होता. इतका देवमाणूस, की तिचे अहवाल बैठकीला जाण्याआधी तो गुपचूप स्वतः पुन्हा लिहायचा. तिला हे दोन वर्षांनी कळलं. "मला तुला मदत करायची होती," तो म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा पडला होता. अहिल्येने त्याचे आभार मानले आणि त्याच आठवड्यात क्युंडिगुंग, म्हणजे राजीनामा, देऊन मोकळी झाली.

अशा बाईला २००४ साली एका जपानी व्हिडिओ गेम कंपनीने नोकरी दिली.

कंपनीचं नाव कावासेमी. कावासेमी म्हणजे आपला खंड्या पक्षी. मूळ स्टुडिओ जपानमध्ये हामामात्सुला. त्यांना बव्हेरियाच्या खऱ्या रस्त्यांवर गाड्या पळवणारा गेम करायचा होता आणि त्यासाठी त्यांनी म्युनिकला एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर छोटी शाखा थाटली होती. त्यांना हवी होती खरी गाडी कशी वागते ते गेममधल्या गाडीला शिकवणारी व्यक्ती. यशोधन तेव्हा गार्चिंगला संशोधन करत होता. दोघांची ताटातूट संपणार म्हणून तो खूश झाला. सांगलीहून त्याच्या आईचा, कुसुमताईंचा फोन आला.

"अगं, पण गेम म्हणजे पोरं खेळतात तेच ना?"

"हो, आई."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"बरं. पण जाऊबाईंना आपण मोटारीचंच काम सांगू."

कावासेमीचे दोन मालक. एक कुराता, गेम कसा असावा हे ठरवणारे. उंच, वाकलेले, कायम एकच तपकिरी स्वेटर, बोलणं जवळजवळ नाहीच. दुसरे ओनुकी, गेम कसा विकावा हे ठरवणारे. ठेंगणे, टापटीप, बँकेपासून मासिकापर्यंत सगळ्यांशी तेच बोलायचे. दोघे हामामात्सुच्या एकाच गल्लीतले, ओनुकी कुरातांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. वर्षातून काही वेळा दोघे जोडीने म्युनिकला येत आणि इंग्रजीत कारभार चाले.

ओनुकींच्या पाकिटात पुठ्ठ्याची एक जुनाट गोल चकती होती. तिच्यावरचं योद्ध्याचं चित्र पार झिजलेलं. जपानी मुलं असल्या चकत्या जमिनीवर आपटून खेळतात, आपल्या आपटण्याने दुसऱ्याची उलटली की ती आपली. नवीन माणूस कामावर आला की ओनुकी ती चकती काढून दाखवायचे. "कुराता-सान आमच्या गल्लीचे अजिंक्यवीर. मी सगळ्यांत लहान. एक दिवस मी यांची सगळ्यांत चांगली चकती उलटवली. त्या दिवशी मला कळलं, मी कुणालाही हरवू शकतो. म्हणून पुढे बँकेत शिरायची हिंमत झाली. म्हणून हा स्टुडिओ." मासिकांतल्या मुलाखतींतही हेच छापून यायचं. कुराता त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे. लोक म्हणायचे, विनयी आहेत.

त्यांच्या दोन रीती अहिल्येला फार आवडल्या. पहिली कुरातांची. गेम तयार होत आला की प्रत्येकाने तो घरी न्यायचा आणि आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. आपण मागे बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही. आणि पडद्याकडे बघायचं नाही, खेळणाऱ्याच्या हातांकडे बघायचं. "पडदा शिष्टाचार पाळतो," कुराता म्हणायचे, "हात पाळत नाहीत."

दुसरी रीत दोघांची मिळून, पहिल्या गेमपासूनची. गेम पूर्ण झाला की शेवटची डिस्क एका लाकडी डब्यात ठेवायची आणि डब्यावर कागद चिकटवायचा. गेमचे पाच भाग सांभाळणारी पाच माणसं त्यावर आपापल्या नावाचा लाल शिक्का उठवणार. पाचही उठले तरच डबा डिस्कच्या प्रती काढणाऱ्या कारखान्याकडे निघणार. मालकांना शिक्का नाही. अहिल्या कामावर आली तेव्हा कुरातांनी तिच्या नावाचा शिक्का कोरून घेऊन तिला दिला होता. बोटाएवढा, शिसवी लाकडाचा. इतक्या वर्षांत कुणी शिक्का नाकारल्याचं ऐकिवात नव्हतं. का नव्हतं, हे तिला उशिरा समजलं.

दीड वर्ष तिने जीव ओतला. आल्प्सच्या पायथ्याचे रस्ते गाडीला उपकरणं बांधून पालथे घातले. ओल्या पानांवर चाक कसं घसरतं, उतारावर ब्रेक उशिरा दाबला तर गाडीचं तोंड कुठे जातं, ते सगळं गेममध्ये उतरवलं. पहिल्यांदा खेळणारा दर वळणावर आपटायचा, पण दहाव्यांदा वळण जमलं की खुर्चीतून उडी मारायचा. गेमच्या खोक्यावर छापायला वाक्यही ठरलं होतं, 'रस्ता खोटं बोलत नाही.'

२००६च्या उन्हाळ्यात कुसुमताई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. बाई साठीच्या पुढच्या, सांगलीत बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. कुरातांची रीत पाळायला याहून योग्य माणूस कुठे मिळणार? अहिल्येने डिस्क घरी आणली, सासूबाईंच्या हातात कंट्रोलर दिला, कोणत्या बोटाने काय दाबायचं ते एकदा सांगितलं आणि मागे जाऊन बसली.

कुसुमताईंनी पदर खोचला आणि शर्यत सुरू केली. पहिलं वळण, दुसरं वळण. "अगंबाई! आपटतेय वाटतं!" पण गाडी काही आपटेना. अहिल्या नियमाप्रमाणे हातांकडे बघत होती. आणि तिला दिसलं की सासूबाईंचा अंगठा वळणावर उलट्या बाजूला दाबलेला असूनही त्या ओरडत होत्या ते आनंदाने. मग स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. "वरण लागेल बाई खाली," म्हणत कुसुमताई कंट्रोलर सोफ्यावर टाकून उठल्या, गॅस बंद केला, हात पुसत परत आल्या. कंट्रोलर सोफ्यावर पडलेलाच होता. पडद्यावर फटाके उडत होते. पहिला नंबर.

"जिंकले!" कुसुमताईंनी टाळी वाजवली आणि अहिल्येने तोंड उघडायच्या आत मिरजेला फोन लावला. "अहो जाऊबाई, मी गाडी चालवली! जर्मनीच्या घाटात! पहिली आले!"

अहिल्या रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. ती सरळ ऑफिसला गेली आणि गेमची आतली रचना उघडून बसली. हामामात्सुहून आलेल्या शेवटच्या जोडणीत दोन गोष्टी गुपचूप घातल्या होत्या. खेळणारा चुकला की गाडी आपणहून वळायची, आणि तो मागे पडला की पुढच्या गाड्या हळू व्हायच्या. बंद करायची सोय नव्हती. कुठे सांगितलेलंही नव्हतं. तिचं दीड वर्ष खाली तसंच होतं, वर कुणीतरी गादी घातली होती.

तिने संध्याकाळी कुसुमताईंना खरं ते सांगितलं. सांगायला नको होतं असं यशोधन म्हणाला. त्याचं म्हणणं, म्हातारी खुशीत होती, काय बिघडलं असतं? पण कुसुमताईंनी ऐकून घेतलं आणि हातातली शेंगांची टरफलं ताटलीत ठेवली.

"म्हणजे मी काही केलंच नाही," त्या म्हणाल्या.

"थोडंफार केलंत, आई..."

"थोडंफार नको सांगूस. बालवाडीत पोरांना मी असंच करायचे. पोरांना." त्यांचे डोळे भरून आले. "आता जाऊबाईंना काय तोंड दाखवू? ते यंत्र पुन्हा घरात लावू नकोस हो."

पुढचे दोन दिवस कुसुमताई टीव्हीच्या खोलीत बसल्या नाहीत. अहिल्येला त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. तिला लगोरीचे दगड आठवत होते, आणि राग असा येत होता की भांडी घासताना एक बशी फुटली.

तिने ओनुकींना मेल लिहिली. ही मदत काढा असं तिचं म्हणणं नव्हतं. ज्याला हवी त्याला असू दे, पण सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारा आणि नको म्हणणाऱ्यासाठी एक बटण द्या, एवढंच. ओनुकींचं उत्तर लगेच आलं. "तुमच्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत. आम्ही तिचा अतिशय सकारात्मक विचार करू." अहिल्या खूश झाली, निश्चिंत झाली. आता काय म्हणावं? 'बघू' म्हणजे काय, हे इचलकरंजीत वाढलेल्या बाईला कळू नये? बापाने 'बघू' म्हटल्यावर सहल कधी निघाली होती का? पण तेच 'बघू' छान इंग्रजीत आलं आणि ही बाई फसली. कावासेमीत भांडणं बैठकीआधी, एकेकट्याला गाठून, चहावर व्हायची आणि मिटायची. बैठक फक्त माना डोलवायला. म्हणूनच कुणाचा शिक्का कधी अडला नव्हता. तिच्याशी चहा प्यायला कुणी आलं नाही आणि तीही कुणाकडे गेली नाही.

शिक्क्यांचा दिवस ऑक्टोबरात आला. नाताळच्या बाजारात गेम पोचायचा तर डबा त्याच दुपारी निघायला हवा होता. कुराता आणि ओनुकी आदल्या दिवशीच विमानातून उतरले होते. टेबलावर लाकडी डबा, शाईची लाल डबी, शेजारी केक. अहिल्येने सकाळी सवयीने डिस्क लावली, वळणावर मुद्दाम हात सोडले, आणि गाडी अलगद वळली. बटण नव्हतं. प्रश्न नव्हता. काही नव्हतं.

चार शिक्के उठले. पाचव्याला ओनुकींनी हसून शाईची डबी तिच्याकडे सरकवली.

"मी शिक्का मारणार नाही," अहिल्या म्हणाली.

मग शेजारचा आवाजांचा प्रमुख माथियास जर्मनमध्ये अडखळत हळूच म्हणाला, "आल्झो... अहिल्या, आत्ता?"

"आत्ताच. मी लिहिलं होतं. सकारात्मक विचार झाला, बटण झालं नाही."

ओनुकींचं हसू तसंच होतं, फक्त आवाज खाली आला. "मगदूम-सान, शंभर लोकांना आम्ही तुमचा गेम खेळायला दिला. मदत नव्हती तेव्हा सत्तर जणांनी अर्ध्या तासात ठेवून दिला. मदत घातल्यावर सगळे हसत उठले. हसणं वाईट आहे?"

"त्यांना सांगितलंत का, गाडी कोण चालवत होतं ते?"

"सांगितल्यावर कोण हसेल?"

"मग खोक्यावरचं ते वाक्य काढा. रस्ता खोटं बोलतो म्हणून छापा. मी लगेच शिक्का मारते."

आता ओनुकी हसले नाहीत. नाताळ हुकला तर ही शाखा चालवणं अवघड होईल, हे त्यांनी सरळ सांगितलं. तिचा करार मार्चमध्ये संपतोय, हेही सांगितलं. धमकी नव्हती ती, वस्तुस्थिती होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. अहिल्येने शिक्का मुठीत घट्ट धरला आणि मूठ मांडीवर ठेवली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती पुन्हा दगडांवर बसली होती.

इतका वेळ गप्प असलेल्या कुरातांनी विचारलं, "का? गाडीचं कारण नको. तुमचं कारण सांगा."

आणि तिने सांगितलं. लगोरी, गल्ली, पाठीत बसलेले चेंडू. "आमच्याकडे अशा मुलाला लिंबूटिंबू म्हणतात. त्याला वाटतं आपण खेळतोय. बाकी सगळ्यांना माहीत असतं. आपण जगभरच्या लोकांना लिंबूटिंबू करतोय, आणि माझ्या सासूबाई त्यातल्या पहिल्या. साठी ओलांडलेली बाई दोन दिवस मान खाली घालून बसली होती."

कुरातांचा चेहरा एकदम उजळला. हा माणूस इतका मोकळा हसताना कुणी पाहिला नव्हता. "आमच्याकडेही आहे! मिसोक्कासु! लहान मुलगा, त्याला पकडायचं नाही, हरवायचं नाही. गल्लीत आम्ही ओनुकीला..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं.

ओनुकींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग जपानीत एकच छोटा प्रश्न विचारला. अहिल्येला जपानी येत नव्हतं, पण तो प्रश्न कळायला भाषा लागत नव्हती. कुराता टेबलाकडे बघत राहिले.

ओनुकींनी पाकीट काढलं, त्यातली ती झिजलेली चकती काढली आणि डब्याशेजारी ठेवली. अहिल्येला ब्रह्मांड आठवलं. तिला ओनुकींना हरवायचं होतं, पण असं नव्हतं हरवायचं. क्षणभर तिला वाटलं, मारावा शिक्का, संपवावं हे.

"ही चकती नसती तर मी बँकेत पाऊल टाकलं नसतं," ओनुकी अहिल्येला म्हणाले. आवाज चिडका होता, ओलाही होता. "हा स्टुडिओ नसता. तुमची नोकरी नसती. मग यांनी वाईट केलं का? सांगा. तुम्हाला सगळं ठाऊक आहे ना?"

अहिल्येला सगळं ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट विचारावीशी वाटली. "त्यानंतर तुम्ही यांना पुन्हा कधी हरवलंत?"

"त्यानंतर मी यांच्याशी खेळलोच नाही," ओनुकी म्हणाले. "एकदाही नाही. जिंकलेलं जाईल म्हणून."

मग ते उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चहाच्या कोपऱ्यात गेले. तिथे बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांची, बिअरडेकेलची, चळत पडलेली असायची. ती मूठभर घेऊन आले आणि टापटीप पँटीची पर्वा न करता जमिनीवर मांडी घालून बसले. अर्धी चळत कुरातांसमोर आपटली. इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं म्हणाले, "खेळ. आणि या वेळी मुद्दाम हरलास तर मी राजीनामा देईन."

कुराता खाली बसले. त्यांनी अस्तन्या वर केल्या. पहिल्याच आपटण्यात ओनुकींची चकती उलटली. दुसऱ्यात उलटली. तिसऱ्यात, चौथ्यात. सगळ्या जर्मन ऑफिसने केक सोडून कोंडाळं केलं. ओनुकी लालबुंद झाले होते, केस कपाळावर आले होते, दर वेळी दात खाऊन आपटत होते आणि दर वेळी हरत होते. समोरची चळत संपली तेव्हा त्यांनी माथियासला हुकूम सोडला, "आणखी आण!" पन्नाशीला आलेला तो माणूस इतका चिडलेला आणि इतका जिवंत अहिल्येने कधी पाहिला नव्हता.

डबा त्या दुपारी निघाला नाही. उठताना गुडघे झटकत ओनुकी अहिल्येला म्हणाले, "बटण घाला. प्रश्न तुम्ही लिहा. आणि मी तुमच्यावर रागावलो आहे, हे लक्षात असू द्या." ती झिजलेली चकती त्यांनी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत पाकिटात ठेवली. फेकली नाही, याचं अहिल्येला फार बरं वाटलं.

नाताळ हुकला. गेम वसंतात आला आणि बेताचाच खपला. हिशेब ओनुकींचाच बरोबर होता, हे मान्य करायला अहिल्येला कधी लाज वाटली नाही. मार्चमध्ये करार वाढला नाही. ती इंगोलश्टाटला गाड्यांच्या कामावर परत गेली आणि रोज आगगाडीने जाऊ-येऊ लागली. नातेवाइकांत कुजबुज झाली, चांगली चाललेली नोकरी हट्टापायी घालवली म्हणून. भास्करने फोनवर विचारलं, "अगं, एक शिक्का मारायला काय गेलं असतं?" ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. तू कधी लिंबूटिंबू नव्हतास." भास्कर म्हणाला, "गल्लीत तुला लागू नये म्हणून करायचो गं." "ठाऊक आहे," ती म्हणाली, "म्हणूनच इतकी वर्षं राग धरता आला नाही नीट."

शिक्का मात्र तिच्याकडेच राहिला. कुरातांनी परत घ्यायला नकार दिला होता.

उन्हाळ्यात कुसुमताई पुन्हा आल्या. चार दिवस त्या टीव्हीखालच्या यंत्राकडे तिरक्या नजरेने बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "लाव बघू ते."

पडद्यावर आधी अहिल्येने लिहिलेला प्रश्न आला. 'वळणावर गाडीने तुम्हाला मदत करावी का?' अहिल्येने तो मराठीत वाचून दाखवला.

"काही नको," कुसुमताई म्हणाल्या.

"पहिल्यांदा जरा अवघड जाईल, आई."

"नको म्हटलं ना! आणि तू इथे बसू नकोस. वरणाकडे बघ."

अहिल्या स्वयंपाकघरात गेली. बाहेरून धडाधड आपटल्याचे आवाज येत होते, मग "मेल्या, वळ की!" मग पुन्हा धडाम. यशोधन दोनदा सोफ्याकडे निघाला, तिने त्याला दंडाला धरून थांबवलं. कुकर झाला, कोशिंबीर झाली, ताटं वाढून झाली. कुणी हाक मारली नाही. शेवटी बाहेरून आवाज आला तो फोनवर बोलण्याचा.

"अहो जाऊबाई, मी कुसुम. गेल्या वर्षीचं विसरा, ते काही खरं नव्हतं. आज चालवली. नाही हो, कसला पहिला! शेवटची आले. बाकीचे सगळे केव्हाच पोचले होते, गाडीचा तर पार चेंदामेंदा झालाय." त्या धापा टाकत हसत होत्या. "पण आले हो. माझी मी आले."